काळ्या शेळीचा डावा कान

मला भाषणाला बोलावतात तेव्हा ओळख करून देणारा माणूस हमखास म्हणतो, "आपल्या संभाजीनगरचे देवमासेवाले सर!" पोरं टाळ्या वाजवतात. जिथं नळाला आठवड्यानं पाणी येतं त्या गावचा प्राणिशास्त्राचा मास्तर परदेशात जाऊन देवमासे आणि डॉल्फिन मोजून आला, याचं लोकांना अजून अप्रूप आहे. मीही मग स्लाइड दाखवतो, बोटीत कसा ओकलो ते रंगवून सांगतो, हशा वसूल करतो. त्यातली एक गोष्ट मात्र दर वेळी गाळतो. ती आज सांगणार आहे. सांगून मी काही मोठा ठरणार नाही, उलट वाचून तुम्ही मला चार शिव्या द्याल, आणि त्या मला लागू आहेत.

आम्ही धनगर. वडिलांची मेंढरं अजिंठ्याच्या डोंगराकडच्या एका लहान गावात होती, आणि मी औरंगाबादेत, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, एका कॉलेजात शिकवत होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. लेणी बघायला आलेली एक परदेशी बाई फर्दापूरला उतरली होती, आणि संध्याकाळी पायी भटकत भटकत आमच्या मेंढवाड्यापाशी आली. वडील तोंडाशी उभे राहून एकेक मेंढरू आत सोडत होते. ते मेंढरं कधी मोजत नसत. किती आली हे त्यांना सांगता यायचं नाही, पण कोण आलं नाही हे लगेच कळायचं. त्या दिवशीही शेवटची पाच-सहा बाहेर असतानाच ते म्हणाले, "आरं, लंगडीची पोर कुठं हाय?" ती खरंच ओढ्यात अडकलेली होती.

बाईला मी हे इंग्रजीत सांगितलं तर ती बघतच राहिली. ती समुद्राचा अभ्यास करणारी. उत्तरेकडच्या एका थंड बेटावर तिचं देवमासे आणि डॉल्फिन वाचवायचं काम चाललं होतं. डॉल्फिनच्या पाठीवर जो पंख असतो त्याच्या मागच्या कडेला खाचा पडलेल्या असतात, आपसातल्या मारामारीनं, जाळ्यानं, बोटीच्या पात्यानं. त्या खाचांवरून ती प्रत्येक डॉल्फिन ओळखायची. कोण परत आला, कोण आला नाही, कुणाला पिल्लू झालं, हे लिहून ठेवायची, म्हणजे तिथल्या सरकारला दाखवता येतं की बघा, तुमच्या जाळ्यांनी इतके गेले. "तुमच्या वडिलांनाच नेलं असतं," ती हसत म्हणाली, "पण यांची मेंढरं कोण बघणार? तुम्ही चला. असे लोक आमच्याकडे बिनपगारी येतात, राहायचं-खायचं आम्ही बघतो."

वडिलांना मी मराठीत सांगितलं. त्यांनी बिडी विझवली आणि विचारलं, "माशाला कान असत्यात व्हय?"

आमच्याकडे मेंढराची खूण कानावर असते, म्हणून तो प्रश्न. प्रत्येक घराची खाच वेगळी. आमची खाच डाव्या कानाच्या खालच्या कडेला, अर्धा चांद कापून काढलेली. ती खाच पाडायचं काम घरात माझं होतं, कारण माझा हात हलका. मेंढरू फार तडफडायच्या आत माझं काम उरकलेलं असायचं. याची मला लहानपणी फार घमेंड होती.

पासपोर्ट, व्हिसा, रजा हे सगळं होईस्तोवर दीड वर्ष गेलं. मग एका उन्हाळ्यात मी त्या बेटावर पोचलो. उन्हाळा कसला, आपल्याकडची कडाक्याची थंडी बरी. दगडी घर, दहा-बारा माणसं, कुणी कुठल्या देशाचं तर कुणी कुठल्या. सकाळी ओटची लापशी, दुपारी पाव आणि सूप. मी तिखटाची पुडी घेऊन गेलो होतो, ती तिसऱ्या आठवड्यातच संपली. पहिल्याच दिवशी बोटीत बसवलं आणि मी जो ओकायला लागलो तो किनारा लागेपर्यंत. बोटवाला म्हातारा माझ्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी म्हणत होता. मला शब्द कळले नाहीत, पण सूर आमच्या वडिलांचा आजारी कोकराशी बोलतानाचाच होता.

काम दोन तऱ्हेचं. पाळीपाळीनं कड्यावर दुर्बीण घेऊन बसायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं, किंवा बोटीतून जाऊन पंखांचे फोटो काढायचे. देवमासा आम्हाला त्या चार महिन्यांत मोजून नऊ वेळा दिसला. आधी फवारा, मग काळी पाठ, सरकत सरकत इतका वेळ जाते की वाटतं आता संपणारच नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मराठीत मोठ्यानं "आई शप्पथ!" म्हणालो आणि बाकीच्यांनी तो शब्द पाठ करून टाकला. पुढं देवमासा दिसला की सगळा कडा "आई शप्पथ" म्हणून ओरडायचा. ते दिवस खरंच मजेचे होते, खोटं कशाला बोलू.

पाऊस असला की आम्ही आत बसून फोटो जुळवायचो. एका टेबलाला काचेचा पृष्ठभाग, खालून दिवा. त्यावर नव्या फोटोची फिल्म ठेवायची, शेजारी जुन्या वर्षांच्या, आणि भिंगातून पंखाची कड बघायची. बाईचा नियम कडक. एक फोटो दोघांनी वेगवेगळा जुळवायचा, एकमेकांना विचारायचं नाही. शंका असेल तर शंका आहे असं लिहायचं, उगाच हुशारी नाही. दुसरा नियम तिनं पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता: नवी खाच पडू शकते, जुनी खाच बुजत नाही. म्हणजे जुन्या फोटोत असलेली खाच नव्यात नसेल तर तो प्राणी दुसरा.

मी या कामात सगळ्यांच्या पुढं गेलो. त्यात माझी काही कर्तबगारी नव्हती, लहानपणापासून तेच केलं होतं. बाकीच्यांना एका पंखाला तास लागायचा, मी दहा मिनिटांत सांगायचो. बाई जेवताना सगळ्यांना सांगायची, "याचे वडील मेंढपाळ आहेत, याला शाळेत नाही शिकावं लागलं." मला गुदगुल्या व्हायच्या.

जुलै संपत आला असेल. एका पंखावरून वाद झाला. एक म्हातारी डॉल्फिन मादी तीन वर्षांपासून दिसली नव्हती. जाळ्यात गेली असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि बोटवाल्या म्हाताऱ्याला तिचं फार वाईट वाटायचं, कारण ती त्याच्या बोटीसोबत पोहायची. तिच्या पंखाला मधोमध एक बारीक खाच होती. आता एक नवीन मादी आली होती. तिच्या पंखाला त्याच जागी मोठा तुकडाच निघालेला, आणि बारीक खाच कुठंच नव्हती. दोघांनी लिहिलं, प्राणी वेगळा. बाईनं माझ्यापुढं फिल्म सरकवली.

मी भिंग लावलं. मोठ्या तुकड्याच्या वरच्या टोकाशी कड एकदम गोल वळत नव्हती, तिथं एक बारीक पायरी होती, तांदळाच्या कणीएवढी. मी ती ओळखली. म्हणजे मेंदूनं नाही ओळखली, माझ्या बोटांनी ओळखली. मी म्हणालो, "तीच आहे. जुनी खाच बुजलेली नाही, मोठ्या खाचेत गेली आहे. पण सगळी नाही गेली, ही बघा, एवढी राहिली."

बाईनं बघितलं, पुन्हा बघितलं, जुनी फिल्म वर ठेवून बघितली, आणि टेबलावर हात आपटला. मग काय विचारता! कुणी मला मिठी मारली, कुणी बोटवाल्याला बोलवायला पळालं. तो ओल्या बुटांनिशी आत आला, भिंगातून बघून डोळे पुसले आणि मला म्हणाला, "तुला कसं दिसलं रे हे? आम्हाला कुणाला दिसलं नाही." बाई म्हणाली, "सांग ना, कुठं शिकलास?"

मी बाहेर गेलो आणि दगडी कुंपणापाशी सगळं ओकलो. जमिनीवर उभा राहून. आत सगळ्यांना वाटलं की सूप बाधलं.

कुठं शिकलो ते आता सांगतो.

मी सतरा वर्षांचा होतो, शहरात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि सगळा मराठवाडा पेटला. कॉलेजं बंद पडली. क्रांती चौकात जमाव नावाच्या विरोधात घोषणा देत होता आणि मी त्यात होतो. का ओरडतोय ते मला धड ठाऊक नव्हतं. वर्गातली सगळी पोरं ओरडत होती, म्हणून मी ओरडलो. मग गावी आलो आणि मेंढरं घेऊन उतारावर जायला लागलो.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती होती, बारा-तेरा घरं. एके दिवशी दुपारी, चांगलं लख्ख ऊन असताना, चार माणसं रॉकेलचा डबा घेऊन वस्तीकडं जाताना मला उतारावरून दिसली. पुढं माझा चुलता होता. बाकी तिघांनाही मी ओळखलं. वस्तीतली बरीचशी माणसं कामावर गेलेली, बाया आणि म्हातारी घरात. धूर निघाला तशी ती पोरंबाळं घेऊन ओढ्याकडं पळाली. आमच्या गावात कुणी मेलं नाही, असं लोक अजूनही अभिमानानं सांगतात. बारा घरं जळाली ती कुणाच्या मोजणीत नाही.

वस्तीतल्या शेळ्या सैरावैरा पळाल्या. त्यातली एक काळी शेळी आमच्या मेंढरांत शिरली. ती कुणाची हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. वस्तीच्या टोकाला एक बाई राहायची, माझ्या आईच्या वयाची, नवरा गेलेला, एक लहान पोरगा. तिच्याकडं ही एकच शेळी, आणि तिच्या दुधावर घर चालायचं. त्या बाईला मी नावानं हाक मारायचो, एकेरीत. लहान पोरंसुद्धा मारायची. गावची रीत तशी होती असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

संध्याकाळी चुलत्यानं शेळी बघितली. डाव्या कानाला तिची खूण होती, खालच्या कडेला एक बारीक खाच. चुलता म्हणाला, "आपली पाड तिथंच. मोठी पाड, तिच्यात ही बारकी जाईल." मी वडिलांकडं बघितलं. वडील बिडी ओढत दुसरीकडं बघत होते. मी कातर घेतली. हात हलका ना माझा! पण शेळीनं ऐन वेळी मान झटकली आणि तिच्या खाचेची वरची कड राहून गेली, कणीएवढी. जखमेला मी हळद आणि राख लावली.

पंधरा-वीस दिवसांनी पोलीस बंदोबस्तात वस्तीतले लोक सामान काय उरलं ते बघायला आले. ती बाई सरळ आमच्या मेंढवाड्यापाशी आली आणि तिनं तोंडानं एक आवाज काढला. काळी शेळी कळपातून उठली आणि तिच्याकडं चालत गेली. निकाल खरं तर तिथंच लागायला हवा होता. पण आमच्याकडं तोंडाचा पुरावा चालत नाही, कान बघतात. गावातली चार जाणती माणसं जमली. चुलता म्हणाला, "कान दाखवा." कानाला आमचा अर्धा चांद.

बाईनं कान हातात धरला आणि बोट ठेवलं. "ही बघा माझी खाच. यवढी राह्यली." जाणत्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग ती माझ्याकडं वळली. "हा पोरगा कान कातरतो, याला इचारा. शिकलेला हाय, हा खोटं नाय बोलायचा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "बाभळीच्या काट्यानं फाटलंय ते. शेळी आमचीच हाय."

ती रडली नाही, भांडली नाही. कान सोडून दिला आणि गेली. महिन्याभरात वस्तीतली बहुतेक घरं शहराकडं निघून गेली. चिकलठाण्याला कंपन्या उभ्या राहत होत्या, पुढं वाळूजलाही राहिल्या, तिथं कामं मिळत होती. शेळी आमच्याकडं वर्षानुवर्षं राहिली. तिच्या दुधाचा चहा मी प्यायलो, दर सुट्टीत.

बेटावर ओकून आत आलो तेव्हा त्या परदेशी बाईनं पुन्हा विचारलं, कुठं शिकलास. मी म्हणालो, "घरी." ती म्हणाली, "तुमच्या घराला माझा नमस्कार सांग." त्यानंतरचे दोन महिने मला नीट जेवण गेलं नाही. टेबलावर बसलं की पंखाच्या जागी कान दिसायचा. बोटवाला रोज मला मासा आणून द्यायचा, त्याची म्हातारी परत आणली म्हणून. मला त्याच्याकडं बघवायचं नाही.

परत आलो तेव्हा ठरवूनच आलो होतो की त्या शेळीवाल्या बाईला शोधून खरं सांगायचं. आणि शोधलं का? छे! आज कॉलेजची परीक्षा, उद्या कुणाचं लग्न, परवा पाऊस. तीन-साडेतीन वर्षं गेली. मग एकदाचं विद्यापीठाच्या कमानीवरचं नाव बदललं, शहरात निळे झेंडे, गुलाल, ढोल-ताशे. मी घरातून मिरवणूक बघितली आणि मनात आलं, आता सगळं मिटलं, आता सांगायला सोपं जाईल. बघा माझी हिंमत. भांडण दुसऱ्यांनी इतकी वर्षं भांडायचं, मार खायचा, तुरुंगात जायचं, आणि ते मिटल्यावर मी माफी मागायला निघणार.

वडिलांनी पत्ता सांगितला, त्यांना तो इतकी वर्षं ठाऊक होता. गारखेड्याच्या पलीकडं पत्र्याच्या दोन खोल्या, अंगण सारवलेलं, दाराशी तुळस नाही पण गुलाबाचं झाड. ती नुकतीच कामावरून आली होती. एका कंपनीत पॅकिंगला होती. पोरगा वाळूजला शिफ्टला गेलेला. केस पांढरे झाले होते. मला तिनं पहिल्या नजरेतच ओळखलं.

मी म्हणालो, "मावशी, मी..."

"आता मावशी व्हय?" ती म्हणाली आणि हसली. "ये, बस."

भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याला ताजा हार. तिनं चहा केला. तिच्या घरचं पाणीसुद्धा मी आयुष्यात कधी प्यायलो नव्हतो. मी तो चहा तिला दिसेल असा घोटाघोटानं प्यायला लागलो, जणू मी काहीतरी मोठं काम करतोय. आज ते आठवलं तरी अंगाची लाही होते.

मग सांगितलं. बेट, पंख, खाच, सगळं. कातर, चुलत्याचं बोलणं, काट्याचं खोटं. मी थांबल्यावर ती म्हणाली, "म्हंजे समुद्रातल्या माशाची पाठ बघून तुला माझी शेळी आठवली."

"व्हय."

"बरं झालं बाबा, मासा तरी भेटला."

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "तुमच्यात ती गेली कशी, ते सांग. ती कुनाच्या कळपात जायची नाय. माझ्या मागं मागं यायची."

मगाशी मी लिहिलं की काळी शेळी आमच्या मेंढरांत शिरली. शिरली नव्हती. गावात मी तेच सांगत आलो, आणि लिहितानाही हात तिकडंच गेला. तिच्यासमोर मात्र खरं बोललो. "मी उतारावर होतो. वस्तीतून शेळ्या बाहेर पडल्या, त्यात तुमची काळी मला वरूनच वळखू आली. ती ओढ्याकडं तुमच्या मागं चालली होती. मी खाली उतरलो, आडवा झालो आणि वर हाकलून आणली."

"का?"

"माहीत नाही. सगळं चाललंच होतं, म्हणून."

बाहेर कुणीतरी नळावर घागर आपटत होतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडं बघितलं. "शेळीचं ऱ्हाऊ दे. शेळी मेली, तिची पिल्लं मेली. मला येक सांग. काडी कुनी लावली?"

मी बशीतला कप सरळ केला.

"केस झाली व्हती, ठाऊक हाय ना? मी पाच वर्सं तारखांना गेले, खाडे करून. तिथं मला इचारलं, बाई, तुम्ही जीव घेऊन पळत व्हता, तोंडं बघायला थांबला व्हता का? मी म्हनले नाय. गावातलं कुनीच म्हनलं नाय की आम्ही बघितलं. संपली केस. आता तू म्हनतोस, तू वर व्हतास." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मला आता कोर्टात जायचं नाय. त्यातली मानसं माझ्या फुडं बाजारात उभी ऱ्हात असत्याल, मला इचारत असत्याल, बरं हाय का म्हनून. मला फक्त कळू दे, कोन कोन व्हतं. तेवढ्यासाठी जीव अडकलाय माझा."

चुलता तेव्हा आमच्याच घरी होता. अंगणात खाट टाकून बसायचा, माझ्या पोरीला खांद्यावर घ्यायचा. बाकी तिघांतला एक गावचा मोठा माणूस झाला होता. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. इतकं भराभर मी बेटावरही कधी जुळवलं नव्हतं.

मी म्हणालो, "मी लई लांब होतो, मावशी. माणसं दिसली, पण तोंडं नाही दिसली."

तिनं माझ्या हातातली कपबशी घेतली. घाईनं नाही, नीट, कप सांडू न देता.

"माझी शेळी वळखलीस तेवढ्या लांबनं," ती म्हणाली. "काळ्या शेळ्या वस्तीत पाच व्हत्या. त्यातली माझी वळखलीस. मानसं नाय वळखली."

मी चपला घातल्या. ती दारापर्यंत आली, आणि मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी हितंच हाय. आठवलं तर ये."

ती अजून आहे. आता पोराकडं पक्क्या घरात राहते, फार थकली आहे, असं कानावर येतं. माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. चुलता कधीच गेला, त्याला मी खांदा दिला. बाकी तिघांतले दोघं आहेत. चौघांची नावं मला तोंडपाठ आहेत. या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, आणि वाचणाऱ्याला वाटेल की सभ्यपणा असेल, लिहिण्याची एक रीत असेल. सभ्यपणा नाही आणि रीतही नाही. मला अजून भीती वाटते.